किल्ली तुझ्याच खिशात हवी

अगं, जिनिंग-प्रेसिंगमध्ये इलेक्ट्रिकल सुपरवायझर म्हणून लागलीस, परवानाही हातात आला, ऐकून मला केवढा आनंद झाला! अभिनंदन करून झालं, आता निवांत बस आणि थोडं माझं ऐक. पुस्तकातलं तुला सगळं येतं. मला बोलायचंय ते वेगळंच. ऐन सीझनमध्ये मशीन बंद पडलंय, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलीय आणि चार माणसं तुझ्या तोंडाकडे बघताहेत, तेव्हा काय करायचं ते.

आपल्या अकोला-अमरावतीकडच्या मोठ्या जिनिंगला, दाल मिलला 11 केव्हीची लाइन येते. डबल पोलवर एबी स्विच, डीओ फ्यूज, मग मीटरचं क्युबिकल, ब्रेकर (व्हीसीबी) आणि रोहित्र. यातला ब्रेकर आणि एबी स्विच दोन्ही 'बंद' करतात, पण दोघांची ताकद सारखी नाही. व्हीसीबी चालू लोड तोडतो, कारण त्याचा आर्क निर्वात बाटलीत विझतो. एबीची पाती उघड्या हवेत सुटतात. लोडवर एबीचा दांडा ओढलास तर आर्क लांबत जातो आणि एका फेजवरून दुसऱ्या फेजवर जातो. म्हणून बंद करताना आधी ब्रेकर, मग एबी. चालू करताना आधी एबी, मग ब्रेकर. हा क्रम कितीही घाई असली तरी मोडायचा नाही.

दांडा खाली आला म्हणजे लाइन तुटली असं धरून चालू नकोस. मान वर करून तिन्ही पाती मोज. जुन्या एबीचं लिंकेज झिजलेलं असतं. दोन पाती उघडतात आणि तिसरं जागच्या जागी अडकून राहतं. खालून बघणाऱ्याला दांडा पूर्ण खाली दिसतो, पण एक फेज जिवंतच असते. कुणीतरी म्हणेलच, "बंदच हाय ना माय, काहून भेतं?" त्याच्या शब्दावर हात घालू नकोस.

तिन्ही पाती उघडलेली दिसली की दांड्याला कुलूप लाव, 'काम चालू आहे' अशी पाटी अडकव आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेव. ती खुंटीवर ठेवायची नाही, गेटवरच्या माणसाकडेही द्यायची नाही. वरची लाइन महावितरणकडून बंद करून घ्यायची असेल तर रीतसर परमिट घे, फोनवरच्या "हो, केली बंद" वर काम सुरू करू नकोस. जनरेटर किंवा छतावरचं सोलर असेल तर तेही तोडून घे. रोहित्राच्या खालच्या बाजूने उलटा पुरवठा आला तर वर पुन्हा 11 हजार व्होल्ट उभे राहतात.

मग तपासणी. खिशातला स्क्रूड्रायव्हरवाला टेस्टर इथे काढायचासुद्धा नाही. एचटीचा डिटेक्टर आधी जिवंत जागी लावून चालतोय ना बघ, मग आपल्या लाइनवर लाव, मग पुन्हा जिवंत जागी. मधेच त्याचा सेल गेला असेल तर तो लाइन मेलेलीच दाखवणार. त्यानंतर डिस्चार्ज रॉड. क्लॅम्प आधी अर्थला घट्ट, नंतर हूक तारेला. काढताना उलट, आधी हूक, शेवटी अर्थ. तिन्ही फेजला, आणि कॅपॅसिटर असतील तर त्यांनाही. पुरवठा गेल्यावरही ते चार्ज धरून बसतात.

रोज सकाळी ब्रेकरची बॅटरी बघायची सवय लाव. ट्रिप कॉइलला डीसी मिळाला नाही तर रिलेने हुकूम देऊनही ब्रेकर उघडत नाही. आणि पॅनेलवर साचणारं रुईचं तूस! दिसायला मऊ, पण ओल धरली की इन्सुलेटरवर विजेला वाट करून देतं आणि ठिणगी पडली की भडकतं. पुरवठा तोडून, अर्थ करून मगच ते झाडून घे.

जागेसाठीही भांडायला शिक. पॅनेलपुढे एक मीटर मोकळी जागा हवी. मागे उघडी जोडणी असेल तर अंतर 20 सेंटिमीटरपेक्षा कमी, म्हणजे माणूस शिरूच नये. नाहीतर 75 सेंटिमीटरपेक्षा जास्त, म्हणजे शिरला तर अंग न घासता निघता यावं. 1956 च्या वीज नियमांपासून हे चालत आलंय. पण आपल्याकडे नेमकी तीच जागा बारदान्याला सापडते! पहिल्याच आठवड्यात ती रिकामी करून घे. पायाखाली आयएस 15652 चा रबरी मॅट आहे का, धोक्याची पाटी आणि शॉकवरच्या उपचारांचा तक्ता मराठीत लावलाय का, तेही बघ.

अंगावर सुतीच कपडे घाल. आर्कच्या झळीत नायलॉन-पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र काढून ठेव, ओढणी नकोच. 11 केव्हीला क्लास 2 चे हातमोजे लागतात. मनगटाकडून गुंडाळून त्यात हवा कोंड आणि गालाशी धरून बघ, बारीक भोकातून येणारी हवा लगेच कळते. आपल्या मे महिन्यात हात घामाने चिंब होतात, तेव्हा आतून पुसल्याशिवाय घालू नकोस.

देव न करो, पण कुणी चिकटलं तर धावत जाऊ नकोस. घरगुती विजेला चालणारी कोरडी काठी 11 हजार व्होल्टपुढे भरवशाची नाही. आधी पुरवठा तोड, खात्री कर, मगच माणसाला हात लाव आणि श्वास नसेल तर लगेच सीपीआर सुरू कर. तो आजच शिकून घे, आणि बरोबरच्या हेल्परलाही शिकव. जीवघेणा अपघात झाला तर 24 तासांत विद्युत निरीक्षकाला कळवावं लागतं. कुणी दडपायला सांगितलं तर तुझी सही द्यायची नाही.

सगळ्यात जड जाईल ते "नाही" म्हणणं. मालक वयाने मोठे, मिस्त्री वीस वर्षांचे जुने आणि तू नवी, त्यात मुलगी. आवाज चढवू नकोस. "काका, अर्थ लागल्याशिवाय मी कुणाला वर चढू देणार नाही," एवढंच म्हण आणि तिथून हलू नकोस. पहिल्यांदा तोंडं वाकडी होतील. पण पोलवर चढणारा तो हेल्पर तुझ्या या एका वाक्याच्या भरवशावर चढत असतो. त्याचा जीव तुझ्या हातात आहे, आणि त्यासाठी वाईटपणा घ्यायला लागला तर खुशाल घे. मी तुझ्या पाठीशी आहे.