माळकऱ्याचा परदेश-मुक्काम

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत, जेथे सावित्रीच्या खाडीचा मासा दासगावाकडून बाजारात येतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर घरोघर सुकट-बोंबलाची बेगमी होते, तेथेच वारकरी संप्रदायाचे माळकरीही गावोगाव नांदतात, आणि एकाच छपराखाली एका चुलीवर जवळा शिजत असता दुसरीवर कुळथाची पिठी रटरटत असावी, याचे आम्हांपैकी कोणास कधी नवल वाटलेले नाही. गळ्यातील तुळशीची माळ ही आमच्या मुलखात सनदच होय. ती दिसली, की लग्नघरचा वाढपी न विचारता आपली बादली पुढे नेतो, महामार्गावरचा खानावळवाला वेगळ्या पातेल्यातले वरण आणतो, आणि मुसलमान शेजारी ईदेचा शिरखुर्मा पाठविताना तो कोणत्या भांड्यात केला हे आपण होऊन सांगतो. माझे व्रत मीच पाळतो अशा समजुतीत मी नोकरी संपवून पेन्शनीत आलो. त्यातला मोठा वाटा आजूबाजूच्या मांसाहारी मंडळींनी उचलला होता, हे मुलीकडे जपानला गेल्यावर ध्यानात आले.

तेथे एका लहानशा उपाहारगृहात आम्ही उडोन, म्हणजे गव्हाच्या जाड शेवयांचा वाडगा, मागविला. मुलीने त्यांच्या भाषेत चौकशी केली आणि म्हणाली, "बाबा, मांस नाही, मासाही नाही, असं सांगतायत." वाडग्यात खरोखरच शेवया, कांद्याची पात आणि वाफाळणारे पिंगट पाणी यांखेरीज काही नव्हते, व ते पाणी मी चवीने संपविले. पुढे घरी मिसोच्या सूपाचे पाकीट जावई वाचीत बसले असता उलगडा झाला, की त्या देशातील बहुतेक रस 'दाशी' नावाच्या अर्काचे असतात, आणि तो अर्क समुद्रशेवाळ व सुकवून कठीण केलेल्या मत्स्याचे तासलेले पापुद्रे यांपासून काढतात. ज्या कोकणी नाकास सुक्या बोंबलाची वर्दी अर्ध्या वाटेवरून मिळते, त्यालाही त्या अर्काने दाद दिली नाही. उपाहारगृहाचा माणूस लबाड नव्हता. त्याच्या लेखी मासा म्हणजे ताटात दिसणारा तुकडा. पाण्यात उतरून गेलेल्याची गणना त्याने कधी केलीच नव्हती.

म्हणून प्रथमच बाहेर निघणाऱ्या शाकाहारी मनुष्यास माझे सांगणे असे, की पदार्थात काय घातले आहे एवढेच विचारून थांबू नये. तो कशात शिजला, कशात तळला आणि कशाने घट्ट झाला, हे विचारावे. जपानात भाजीच्या शिजवणीत व तेंपुराच्या बुडवणीतही दाशी असते. थायलंडात मिठाचे काम बऱ्याच अंशी माशाचा रस करतो. बेल्जममध्ये बटाट्याच्या फोडी परंपरेने गाईच्या चरबीत तळल्या जातात. इटलीतील प्रख्यात पार्मेजान चीज वासराच्या जठरातून काढलेल्या विरजणावाचून होतच नाही. आणि गोड वड्या जिलेटिनने थिजतात. आपल्याकडच्या पाकिटावरील हिरव्या ठिपक्याची सवय झालेल्या डोळ्यांस तेथे तो आधार नाही. जपानी पाकिटावर अंडे, दूध, कोळंबी, खेकडा यांची नोंद ॲलर्जीच्या कारणास्तव सक्तीची आहे, परंतु दाशीतील मासा त्या सक्तीच्या यादीत नाही. तेव्हा ती चौकट पाहून खातरजमा झाली असे न मानता खालची घटकांची सारी यादी भाषा जाणणाऱ्याकडून वाचून घ्यावी. थायलंडात मात्र पिवळ्या पताकेवर तांबड्या अक्षरांचे 'जे' हे चिन्ह दिसल्यास तेथे निर्धास्त बसावे.

तहसील कचेरीत हयात गेलेल्या माझ्यासारख्यास तोंडी जबाबापेक्षा लेखी दाखल्यावर अधिक भरवसा. मी मुलीकडून जपानी लिपीत एक चिठ्ठी लिहवून घेतली: मांस, मासे, शिंपले, अंडी आणि यांपासून काढलेला रस, अर्क वा चरबी चालत नाही, दूध, दही, लोणी चालते. ती जेवण मागविण्यापूर्वी, आणि शक्यतो थेट स्वयंपाक्याकडे पोहोचेल अशा बेताने द्यावी.

त्याआधीची तजवीज मात्र घरीच करावयाची असते. आपला नियम कुठवर आहे, याचा निवाडा प्रवासाला निघण्यापूर्वी स्वतःशी झालेला असावा. त्याच कढईतले तेल चालेल काय? अंडे पडलेली पोळी चालेल काय? चीज? ज्याने हे ठरविलेले नाही तो प्रत्येक जेवणाला ताटासमोर स्वतःशी हुज्जत घालीत बसतो, आणि उपाशी राहण्यापेक्षा ते अधिक थकविणारे असते. आनंदीबाई जोशी, ज्या गोपाळरावांच्या नोकरीमुळे काही काळ आमच्याच जिल्ह्यातील अलिबागेस राहिल्या होत्या, १८८३ साली कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या तेव्हा बोटीवर त्यांनी बहुतांशी बटाट्यांवर दिवस काढले. त्यांचा नियम त्यांना स्पष्ट ठाऊक होता, पण त्याला पुरेल असे अन्न बोटीवर नव्हते. आज विमान कंपन्यांकडे शाकाहाराची सोय असते. तथापि तिकिटाबरोबरच, निदान चोवीस तास आधी, तशी नोंद करावी लागते. ती करताना 'हिंदू भोजन' या शब्दांस भुलू नये, कारण त्या नोंदीत गोमांस वगळून इतर मांस येऊ शकते. 'एशियन व्हेजिटेरियन' अथवा जैन भोजन मागावे.

सामानात भाजणी, मेतकूट, नाचणीचे पीठ, कुळथाचे पीठ आणि सुकी चटणी असावी. जपानात भाताला तोटा नाही, आणि त्यांचा चिकट भात मेतकूट-दह्याशी आपल्या नव्या तांदळाइतकाच सलोख्याने वागतो. ताजी फळे व भाज्या तपासणीच्या दाखल्याविना तेथे नेता येत नाहीत. आखातात जाणाऱ्यांनी अनारशांवरील खसखशीचे विशेष भय बाळगावे. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अफूच्या झाडाची म्हणून निषिद्ध आहे, आणि तिच्यापायी माणसे गजाआड गेली आहेत. ही ताकीद मला महाडच्या बाजारात एका जुन्या आखाती नोकरदाराने दिली. तेव्हा ती अतिशयोक्ती वाटली होती, परंतु ती अक्षरशः खरी निघाली.

जपानात शाकाहाऱ्यास खरा विसावा मिळतो तो बौद्ध मठांत. कोयासान पर्वतावरील मठांत प्रवाशांस उतरता येते, आणि तेथील 'शोजिन र्‍योरी' या भोजनात मांस-मासा तर नाहीच, पण कांदा-लसूणही वर्ज्य असतो. दाशी तेवढी समुद्रशेवाळ आणि वाळवलेल्या अळंबीची. तिळाची खळ घट्ट करून केलेला पांढरा लगदा माझ्यापुढे आला, तेव्हा पंढरीच्या वाटेवरील कुठल्याही फडात तो निःशंक खपला असता असे वाटले. जागा आधी राखून ठेवावी लागते, आणि रात्रीचे जेवण दिवेलागणीच्या सुमारासच वाढतात, म्हणून दुपारची गाडी चुकवू नये.