खोलीचे भाडे आणि 'रिसॉर्ट फी'

अमेरिकेत लास वेगास येथे तयार कपड्यांचा 'मॅजिक' मेळा भरतो. तेथे नमुने घेऊन जाणाऱ्या व्यापारी बंधूंनी हॉटेलचा हिशेब आधी समजून घ्यावा. तेथील बहुतेक मोठी हॉटेले भाड्याखेरीज रोजची 'रिसॉर्ट फी' घेतात. वाय-फाय, व्यायामशाळा वगैरेंचे हे पैसे; वापरा अगर वापरू नका, द्यावेच लागतात. समजा भाडे ८० डॉलर व फी ४५ डॉलर. चार रात्रींचे ३२० धरून निघालेल्या माणसाचे बिल ५०० होते, आणि फीवरही कर बसतो तो निराळाच. भाडे कमी दिसले की गिऱ्हाईक ओढले जाते, म्हणून ही युक्ती. आपल्याकडे कोणी ताग्याचा भाव सांगून घडी घालण्याचे पैसे बिलात लावले, तर गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढेल काय?

१२ मे २०२५ पासून तेथील फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमाने सक्तीची फी धरूनच एकूण भाव दाखवणे बंधनकारक झाले. फी मात्र बंद झालेली नाही. शिवाय सरकारी कर त्या भावाबाहेर ठेवण्याची मुभा आहे. तेव्हा खोली ठरवण्यापूर्वी कर धरून शेवटची रक्कम लेखी मागवावी आणि मालाचा भाव बांधताना खर्चात तीच धरावी.