बिघडलेली गांडूळपेटी पुन्हां कशी चालू करावी

गांडूळखताची पेटी घरीं कशी मांडावी यासंबंधीं वाचकांच्या वाचनांत पुष्कळ आलें असेल. ती बिघडल्यावर काय करावें याविषयीं मात्र क्वचितच कोणी लिहितो. कारण बिघडलेली पेटी लोक गुपचूप उकिरड्यावर पालथी करतात आणि पुढें त्या गोष्टीचा उच्चारही करीत नाहींत. आम्हीही तेंच करणार होतों. सुदैवानें तसें झालें नाहीं, व त्यांतून जें समजलें तें येथें लिहितों. पेटी घरगुती असली तरी शेतावरील दहा फुटी वाफ्यासही हाच न्याय लागू आहे; तेथें नुकसान पाटीचें नसून गाडीचें होतें, इतकाच फरक.

आमची पेटी जुन्या आंब्याच्या फळ्यांची, तीन फूट लांब, दोन फूट रुंद व दीड फूट खोल. ती परसांत पत्र्याच्या पडवीखालीं एका लाकडी मांडणीवर ठेविलेली असे. दोन वर्षें ती उत्तम चालली. तिच्या भरंवशावर सीताफळाचीं साठ रोपें पिशव्यांत धरलीं होतीं, आणि सोसायटीच्या बैठकींत आम्हीं या पेटीविषयीं चांगलें पाऊण तास व्याख्यानही दिलें होतें. वैशाखांत आम्ही लेकीच्या घरीं बारा दिवस राहून परत आलों, तों पडवींत पाऊल ठेवतांच नासक्या अंड्यासारखी घाण नाकांत शिरली. झांकण उघडलें. कडेच्या फळ्यांवर वाळलेलीं गांडुळें चिकटलेलीं. आंत आंबूस, कोमट चिखल. जिवंत असें कांहींच दिसेना. घरांतील मंडळींनीं पेटी फेंकून देण्याविषयीं एकमतानें ठराव केला.

आयुष्य महसूल खात्यांत गेल्यामुळें पंचनाम्यावांचून आमच्या मनाचें समाधान होत नाहीं. पेटी सावलींत ओढून तिच्यांतील माल आम्हीं गोणपाटावर थराथरानें काढला. वरच्या थरांत आमरसाच्या दिवसांतील सालीं, कोयी व शिळा भात घट्ट बसला होता. मधला थर काळा आणि दुर्गंधीयुक्त. तळाशीं चार बोटें पाणी! पाणी जाण्याचीं भोंकें वर्तमानपत्राच्या ओल्या कागदानें बुजून गेलीं होतीं. गांडुळाला नाक-फुप्फुस नाहीं. तें ओलसर कातडीनें श्वास घेतें. भोंवतालचें पाणी साचून हवा संपली कीं त्याचा जीव गुदमरतो. त्यांत गोड फळांचा ढीग आंबूं लागला म्हणजे उष्णता सुटते, आणि वर तापलेला पत्रा होताच. पेटींत सामान्यतः असणारें आयसेनिया फेटिडा जातीचें गांडूळ पंधरा ते पंचवीस अंश उष्णतेंत सुखी असतें. पस्तिसाच्या पुढें तें टिकत नाहीं. दोष कोणा एकाचा नव्हता असें आम्ही मंडळींसमोर म्हणालों खरें. परंतु भोंकें तपासणें हें आमचेंच काम होतें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. मेलेलें गांडूळ फार वेळ दिसत नाहीं, तें लौकरच विरघळून जातें. म्हणून पेटींत प्रेतें नाहींत याचा अर्थ गांडुळें पळालीं असा करूं नये. उलट, जिवंत गांडुळें दिसत नाहींत म्हणजे सर्व संपलें असेंही नव्हे. पिण्याच्या पाण्याचा माठ ज्या कोंपऱ्याशेजारीं झिरपत असे, त्या गार कोंपऱ्यांत आम्हांस चाळीसएक गांडुळें गुंडाळी करून बसलेलीं सांपडलीं. आणि त्याहून मोलाची वस्तु म्हणजे कोष. बाजरीच्या दाण्याएवढा, लिंबाच्या आकाराचा, पिवळसर; उबण्याच्या सुमारास तो तांबूस होतो. कोष मोठ्या गांडुळापेक्षां पुष्कळ चिवट असतो. गोणपाटावरील माल बोटांनीं चिवडतांना असे कितीतरी कोष निघाले, तेव्हां ठराव आपोआप रद्द झाला.

जिवंत गांडुळें व कोष असलेला भाग एका पाटींत घेऊन त्यावर ओला पिळलेला गोणपाट घातला आणि पाटी घरांत अंधारांत ठेविली. आंबलेला चिखल उकिरड्यांत पुरला. तो परत पेटींत घालण्याचा लोभ धरूं नये. पेटी नुसत्या पाण्यानें धुवावी. फिनेल अथवा साबण मुळींच लावूं नये. भोंकें गिरमिटानें मोठीं केलीं, वर बारीक जाळी ठोकली, आणि मांडणीचे मागचे पाय पाऊण इंच उंच करून उतार दिला. तळाशीं विटांचे तुकडे, त्यावर जाडी वाळू, मग नारळाच्या शेंड्या, त्यावर वाळलेला पाला ओला करून वीतभर, व शेवटीं जुनें शेण.

शेणाविषयीं थोडें अधिक सांगणें अवश्य आहे, कारण निम्म्या पेट्या येथेंच बुडतात. ताजें शेण तापतें व त्यांतून तीव्र वायु सुटतो. त्यांत सोडलेलीं गांडुळें एका रात्रींत मरतात. दोन-तीन आठवडे सावलींत पडून निवालेलें, परंतु वाळून दगड न झालेलें शेण घ्यावें. हात कोपरापर्यंत आंत घालावा. ऊब लागली तर थांबावें. जनावरास नुकतेंच जंताचें औषध पाजलें असल्यास त्याचें शेण कांहीं दिवस वर्ज्य करावें. ओलाव्याची परीक्षा मुठीनें होते. मूठभर माल दाबला असतां एक-दोन थेंब यावेत, धार येऊं नये. एवढें करूनही आम्हीं प्रथम दहाच गांडुळें वर ठेविलीं. तीं कांहीं मिनिटांत आंत शिरलीं, म्हणून बाकीचीं सोडलीं. तीं पृष्ठभागावर सैरावैरा धांवतील किंवा कडेनें वर चढतील तर बिछाना त्यांस मानवला नाहीं असें समजावें.

गांडुळें कमी पडतात म्हणून शेतांतून खणून आणलेलीं पेटींत भरण्याचा प्रयोग कित्येकजण करतात. तो व्यर्थ आहे. १८८१ सालीं चार्लस डार्विन यांनीं ज्यांच्यावर ग्रंथ लिहिला तीं मातींत बिळें करून राहणारीं गांडुळें. पेटींतील जात कुजत्या केरकचऱ्यांत राहणारी. दोघांचा सातबाराच वेगळा.

पहिले दोन आठवडे पेटीस कांहींही खाऊं घातलें नाहीं. हाच सर्वांत कठीण भाग, कारण घरांतील प्रत्येकास तिची दया येते. पुढें एका कोंपऱ्यांत मूठभर भाजीचीं देंठें पुरून वर वाळला पाला. तें दिसेनासें झाल्यावर दुसरा कोंपरा. मीठ, तेल, मिरची, कांदा व लिंबाच्या साली बंद. आंबूस वास आल्यास अंड्याच्या टरफलांची किंवा चुनखडीची पूड चिमूटभर पसरावी; कळीचा चुना कदापि नको. मुंग्यांसाठीं मांडणीच्या पायांखालीं पाण्याच्या वाट्या ठेविल्या.

तीन आठवड्यांनीं शेणाखालीं दोऱ्यासारखीं बारीक पिल्लें दिसलीं. फिकीं असल्यामुळें प्रथम संशय आला. कारण आंबट झालेल्या पेटींत दुसरेही पांढरे सुतासारखे किडे होतात. परंतु ते थव्यानें असतात व पांढरेच राहतात. हीं थोड्याच दिवसांत तांबूस झालीं.

सीताफळाच्या रोपांना त्या सालीं जुन्या शेणखतावर भागवावें लागलें. पेटींतील पहिल्या दोन पाट्या दिवाळीस निघाल्या. खत काढतांना पाणी चार दिवस आधीं बंद केलें व माल उजेडांत शंकूसारखा रचला; गांडुळें अंधाराच्या ओढीनें खालीं जातात आणि वरचें खत हातानें काढून घेतां येतें. एक पाटी रोपांना घातली. दुसरी, आमचें व्याख्यान ऐकून ज्यांनीं पेटी मांडली व बुडविली होती, ते गृहस्थ त्यांतील कोषांसह घेऊन गेले.