सातबाऱ्यावरचा शेरा

पोरी, पुण्याच्या होस्टेलवर जायच्या आधी एक दिवस माझ्याकडे ये, आणि येताना शाळा सोडल्याचा दाखला घेऊन ये. आपल्याला तलाठी भाऊसाहेबांकडे जायचंय. तुझे बाबा गेले तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. वारसनोंद झाली, आजी, आई आणि दादाबरोबर तुझंही नाव सातबाऱ्यावर लागलं, पण त्याला 'अ.पा.क. आई' असा शेरा जोडलेला आहे. अज्ञान पालनकर्ता. तुला १८ पूर्ण झाली म्हणून तो आपोआप निघत नाही, अर्ज द्यावा लागतो. ई-हक्कवर घरबसल्याही देता येतो. फेरफार मंजूर झाला की नवा उतारा काढायचा आणि नाव, क्षेत्र स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं.

अज्ञानाच्या हिश्श्यात कोर्टकचेरी नको, म्हणून आजवर तुझ्यापाशी कुणी कागद घेऊन आलं नाही. आता येतील.

मी १९ वर्षांची होते. सुट्टीत घरी आले होते, तेव्हा चुलत्यांनी एसटीने तालुक्याला नेलं. नावं नीट करून घ्यायचीत, एवढंच सांगितलं. दुय्यम निबंधकांपुढे मी सही केली, अंगठा उमटवला, आणि येताना स्टँडवर भेळ खाल्ली. ते हक्कसोडपत्र होतं हे मला चार वर्षांनी कळलं. माझा हिस्सा तुझ्या बाबांकडे गेला आणि आज तुझ्यापर्यंत आला, याचं मला सुखच आहे. विचारलं असतं तर मी तो आनंदाने दिला असता. विचारलं नाही, हे अजून टोचतं.

म्हणून हक्कसोड असो की कुलमुखत्यारपत्र, सही मागितली तर कागद आधी घरी आण. रात्रभर ठेव. मोठ्याने वाच, गट नंबर उताऱ्याशी ताडून बघ, आणि नातं नसलेल्या वकिलाला दाखव. वडीलधाऱ्यांना राग आला तर येऊ दे. राग ओसरतो, पण नोंदणी झालेलं हक्कसोड फिरवायला दिवाणी दावाच लावावा लागतो. आईला तुझ्या वतीने काही करायचं असेल, तर त्या एका कामापुरतंच मुखत्यारपत्र दे.

बँकेचं खातंही अजून अज्ञानाचंच आहे. केवायसी करून नव्या सहीचा नमुना दे आणि त्याच वेळी नॉमिनी लाव. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्याला चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. कालनिर्णयकार जयंतराव साळगावकरांच्या मिळकतीवरून चाललेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सबाबत हेच सांगितलं: नॉमिनी झाल्याने वारसांचा हक्क जात नाही. बाबांनी काढलेलं सुकन्या खातंही आता तुझं तू चालवायचं. फीसाठी त्यातून मागच्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिल्लकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. प्रवेशाची पावती जपून ठेव.

मृत्युपत्राचं नाव काढलं की आजी म्हणेल, पोरीच्या वयाला हे काय अभद्र! तरी सांगते. बाबांकडून तुला आलेली जमीन, तू मूलबाळ नसताना आणि मृत्युपत्र न करता गेलीस, तर बाबांच्या वारसांकडे परत जाते, म्हणजे आजी, आई, दादा यांच्याकडे. हे तुला मान्य असेल तर आत्ता घाई नाही. लग्न, नोकरी किंवा फ्लॅट झाला की मात्र लिही. साधा कागद चालतो, स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. तुझी सही आणि दोन साक्षीदार हवेत, आणि साक्षीदार असे घे ज्यांना त्यातून काहीच मिळणार नाही.

बाबा गेल्यावर तुझी आई सहा महिने पासबुकं आणि पॉलिसी शोधत होती, कधी ट्रंकेत, कधी गव्हाच्या डब्यामागे. तू एक वही कर. कोणतं खातं कुठल्या शाखेत, कोणती पॉलिसी, रक्तगट, होस्टेलचा फोन, सगळं एका पानावर. पासवर्ड लिहू नकोस. त्या पानाची झेरॉक्स आईपाशी दे.

शनिवार-रविवार ऑफिस बंद असतं. गुरुवारी सकाळच्या गाडीने ये, दाखल्याच्या दोन झेरॉक्स काढून आण.