संगणक सुरू होत नाही, तेव्हा काय करावे?

आज शिष्यवृत्तीच्या अर्जापासून परीक्षेच्या प्रवेशपत्रापर्यंत बहुतेक कामे संगणकावर होतात. घरातला संगणक अडला, की अर्जाची मुदतही हातची जाण्याची भीती असते.

विंडोज १० या प्रणालीचे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. त्यामुळे अनेकांनी विंडोज ११ घेतले, तसे आम्हीही घेतले. परंतु बदल होताच संगणक काळ्या पडद्यावर थांबला. आत मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज व दाखल्यांच्या प्रती होत्या. दुरुस्ती करणाऱ्याने पाहताक्षणी सांगितले, "फॉरमॅट मारावा लागेल." आम्ही नकार दिला, आणि तेच हिताचे ठरले.

आम्ही बँकेत नोकरी करतो. कपाटाचे कुलूप अडकले म्हणजे आतल्या खतावण्या जळाल्या असे होत नाही. संगणकाचेही तसेच आहे. प्रणाली बिघडली तरी आपल्या फाइली बहुधा डिस्कवर शाबूत असतात. फॉरमॅट केल्याने मात्र त्या पुसल्या जातात. म्हणून आधी फाइली वाचवाव्या, मग यंत्र दुरुस्त करावे.

१) धीर धरावा : मोठ्या बदलास काही तासही लागतात. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, तर वीज बंद करू नये.

२) जोडण्या काढाव्या : पेनड्राइव्ह, प्रिंटर काढून पुन्हा सुरू करून पाहावे. कधी कधी संगणक पेनड्राइव्हमध्येच प्रणाली शोधत बसतो.

३) दुरुस्ती विभागात जावे : संगणक खरोखर अडकला असेल, तर सुरू होताना चिन्ह दिसताच वीजबटण दाबून धरून तो बंद करावा. असे दोन-तीन वेळा केल्यावर दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. तेथे 'ट्रबलशूट' व पुढे 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' निवडावे.

४) फाइली काढून घ्याव्या : 'कमांड प्रॉम्प्ट' उघडून 'नोटपॅड' हा शब्द इंग्रजीत टाइप करावा. नोटपॅडमधील 'फाइल', 'ओपन' येथे 'ऑल फाइल्स' निवडले, की आपले फोल्डर दिसतात. पेनड्राइव्ह जोडून तेथेच कॉपी व पेस्ट करावे. काम किती झाले हे पडद्यावर दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते. घाई करू नये. डिस्कच्या नावाचे अक्षर येथे बदललेले असू शकते.

५) मग दुरुस्ती करावी : प्रथम 'स्टार्टअप रिपेअर' चालवावे. तेवढ्याने न भागल्यास नुकतीच आलेली सुधारणा काढावी किंवा पूर्वीच्या प्रणालीकडे परतावे. जुनी प्रणाली साधारण १० दिवसच जपून ठेवलेली असते, म्हणून दिरंगाई नको. शेवटचा उपाय 'रीसेट'. त्यात 'कीप माय फाइल्स' हाच पर्याय घ्यावा. फाइली राहतात, पण बाहेरून घातलेले प्रोग्राम पुन्हा घालावे लागतात.

एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. डिस्क 'बिटलॉकर'ने कुलूपबंद असेल, तर ४८ अंकी किल्लीशिवाय आतल्या फाइली मिळत नाहीत. घरच्या संगणकाची ही किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते आणि ती मोबाइलवरूनही पाहता येते. संगणक चांगला असतानाच ती वहीत उतरवून घ्यावी.

आमच्या संगणकावर 'स्टार्टअप रिपेअर' निष्फळ ठरले. परंतु फाइली आधीच पेनड्राइव्हवर आलेल्या होत्या. मुलीने त्या रात्री शेजाऱ्यांच्या संगणकावरून अर्ज मुदतीत भरला. आम्ही जुन्या प्रणालीवर परतलो आणि पुढच्या रविवारी सर्व प्रती सुरक्षित ठेवून पुन्हा बदल केला. तो सुरळीत पार पडला.

बँकेत हिशेबाची एकच प्रत ठेवून कोणी घरी जात नाही. विद्यार्थ्यांनीही आपल्या दाखल्यांची आणि टिपणांची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी. आणि कोणी "फॉरमॅट मारू या" म्हणाले, तर आधी एकच प्रश्न विचारावा : "आमच्या फाइली काढून घेतल्या का?"