पाटी नको, पगार दे

अगं, तुझा निरोप मिळाला. आत्याचं वर्षश्राद्ध जवळ आलंय. तिला शेवटपर्यंत ज्यांनी सांभाळलं, त्या हॉस्पिसला तिच्या नावाने पलंग द्यायचा आणि त्यावर छोटीशी पाटी लावायची, असं तुझ्या मनात आहे. मन चांगलंच आहे तुझं. पण मोठी बहीण म्हणून, आणि अशाच एका ट्रस्टचा जमाखर्च बघायला मदत करते म्हणून, जरा स्पष्ट बोलू का? रागावायचं नाही.

पलंग द्यायला माणसं तयार असतात. व्हीलचेअर, पाण्याचा फिल्टर, पंखे, चादरी, सगळ्याला दाते मिळतात. पितृपंधरवड्यात तर फळांच्या करंड्या ठेवायला जागा पुरत नाही, आणि निम्म्या पेशंटांना नळीतून भरवावं लागतं! सिस्टरांच्या पगाराला मात्र दाता मिळत नाही. पगारावर नाव घालता येत नाही ना! आणि हॉस्पिस चालतं ते त्या पगारावरच. पलंग एकदा आला की दहा वर्षं टिकतो, पण त्यावरच्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायला रोज कुणीतरी लागतं. कूस बदलली नाही, तर नव्या कोऱ्या पलंगावरसुद्धा पाठीला जखमा होतात.

आत्याचं ड्रेसिंग तू पाहिलं नाहीस, तू फोनवरच होतीस. मी पाहिलं. जन्मभर मशेरी लावून तोंडाचा कॅन्सर झालेला, गालाला बाहेरून जखम. घरी होती तेव्हा त्या वासाने पोरं खोलीत यायची नाहीत, आणि ते कळून ती भिंतीकडे तोंड करून पडायची. तिथल्या सिस्टरने जुनी पट्टी ओढून काढली नाही. सलाइनने भिजवली, थांबली, पुन्हा भिजवली, तेव्हा कुठे ती आपोआप सुटली. मग जखम धुऊन डॉक्टरांनी सांगितलेल्या मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची पूड त्यावर पसरली. अशा जखमेत जंतू वाढतात, त्यांचा तो वास असतो, असं तिने मला हळू आवाजात समजावलं. हे सगळं आत्याशी गप्पा मारत, नाकाला पदर न लावता. थोड्या दिवसांत वास इतका कमी झाला की नात तिच्या उशाशी येऊन बसली. जखम बरी होणारच नव्हती. आत्या पुन्हा माणसांत आली, एवढंच. पण एवढंच हवं होतं गं.

मॉर्फिनचंही तसंच. साधी मॉर्फिनची गोळी फार महाग नसते. तिचा असर साधारण चार तास राहतो, म्हणून दुखायची वाट न बघता घड्याळ बघून द्यावी लागते. पोट साफ राहायचं औषध सोबत लागतं, नाहीतर दुखणं परवडलं अशी गत होते. आणि ‘सवय लागेल हो’ म्हणून गोळी लपवून ठेवणाऱ्या नातेवाइकांना रोज नव्याने समजवावं लागतं. आपले काकाच त्यातले! म्हणजे खर्च गोळीचा नाही, गोळी वेळेवर देणाऱ्या माणसाचा आहे.

या कामाचा पायाच मुळी एका नर्सने घातला. सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या, पाठीच्या दुखण्याने ते काम सुटलं, मग समाजसेविका झाल्या, मग डॉक्टर. 1967 मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं. दुखणं नुसतं शरीराचं नसतं. मनाचं, घरादाराचं, देवाशी चाललेल्या भांडणाचंही असतं, हे त्यांनी डॉक्टरांच्या गळी उतरवलं. आपल्याकडे पहिलं हॉस्पिस 1986 मध्ये वांद्र्याला सुरू झालं, शांती आवेदना सदन. डॉ. लुईस डिसोझांनी काढलेलं. पुढे गोव्यात लोटलीला आणि दिल्लीलाही त्याच्या शाखा झाल्या. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर 1997 पासून आहे. दोन्हीकडे पेशंटकडून पैसे घेत नाहीत. घ्यायचे तरी कुणाकडून? तिथे पोचेपर्यंत ऑपरेशन, किमो, रेडिएशन यांत घरातलं सोनं मोडून झालेलं असतं. म्हणजे पेशंट देणार नाही, पण सिस्टरला एक तारखेला पगार हवाच. ती मधली फट तुझ्यामाझ्यासारख्यांनी भरायची असते.

आणि ती वर्षातून एकदा भरून चालत नाही. दुधाचं बिल आपण गुढीपाडव्याला एकदम देऊन उरलेले महिने हात वर करतो का? कंपन्यांचा सीएसआरचा पैसा येतो, नाही असं नाही. पण तो बहुतेक वेळा ठरावीक मुदतीच्या प्रकल्पासाठी असतो. मुदत संपली की घरोघरी जाणारी सिस्टर ठेवायची की काढायची, यावर ट्रस्टींची मीटिंग बसते. अशा मीटिंगचा हिशेब मी मांडून दिलाय, म्हणून सांगते. दर महिन्याला ठरलेली रक्कम येणार असेल, तर संस्था धीराने माणूस नेमते, शिकवते, टिकवते. हे काम शिकायला वेळ लागतो. शिकलेली सिस्टर पगार लांबला म्हणून मोठ्या हॉस्पिटलात गेली, तर नुकसान पेशंटचं.

केरळने हे फार आधी ओळखलं. 1993 मध्ये कालिकतला डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी काढली. पुढे त्यातूनच गावोगावी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे गट उभे राहिले. लोकांनी जमेल तेवढे थोडे थोडे पैसे नेमाने द्यायचे आणि त्यावर आपल्याच भागातल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडे सिस्टर पाठवायची. 2008 मध्ये तिथल्या सरकारने या सेवेचं धोरणच केलं. म्हणजे आधी लोकांनी करून दाखवलं, सरकार मागून आलं.

तेव्हा आता तुझं गणित. पलंगासाठी तू पंचवीस हजार बाजूला काढलेस. त्याऐवजी महिना दोन हजार दे, वर्षाचे चोवीस होतात. तेही जड जात असेल तर पाचशे दे. लाजू नकोस. पगार पंचवीस हजार धरला, तर पाचशे देणारी पन्नास घरं मिळून एक सिस्टर उभी करतात. आपल्या चुलत-मावस गोतावळ्यातच तेवढी घरं निघतील.

देण्याआधी एवढं बघ. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का आणि ऑडिट झालेला अहवाल दाखवते का, ते विचार. विचारण्यात गैर काही नाही, चांगल्या संस्थेला उलट बरं वाटतं. नर्सिंगवर महिन्याला किती खर्च होतो, हेही विचार. मग पावतीवर ‘कॉर्पस’ लिहू देऊ नकोस. तो पैसा ठेव म्हणून राहतो, वापरायला बहुधा नुसतं व्याज मिळतं. चालू खर्चासाठी, शक्य तर नर्सिंगसाठी, असं लेखी कळव. बँकेतून किंवा यूपीआयवर ऑटो-पे लाव आणि तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवसाची ठेव. पंधरा तारखेपर्यंत आपल्या खात्याची काय दशा असते, ते दोघींनाही माहीत आहे.

करात आपण जी 80जीची सवलत म्हणतो, ती जुनी करपद्धत घेणाऱ्यालाच मिळते, आणि दोन हजारांहून जास्त रोख दिलं तर तीही नाही. पॅन नंबर द्यायला विसरू नकोस. दादाला मात्र घाईने सामील करू नकोस. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय, त्यामुळे त्याचे पैसे परदेशी देणगीत मोडतात. संस्थेकडे एफसीआरएची नोंदणी असेल तरच आणि त्यांच्या ठरलेल्या खात्यातच त्याने पाठवायचे. नाहीतर भलं करायला जाऊन संस्थेच्याच मागे लचांड लागेल.

हे घरात नीट बोलून ठरव, चोरून नको. नवऱ्याला न सांगता सुरू केलेली देणगी पहिल्या मोठ्या खर्चाला बंद पडते. बंद करायची वेळ आलीच, तर दोन महिने आधी कळव, म्हणजे त्यांना दुसरी सोय बघता येते. सिस्टरांसाठी साड्या-मिठाई न्यायची हौस असेल तर खुशाल ने, पण ती पगाराशिवाय वेगळी.

शेवटचं सांगते आणि फोन ठेवते, कुकर झालाय. दरवर्षी तुझा पगार वाढला की त्या पाचशेतही शंभराची भर घाल. महागाई काय तुझ्याच घरी येते होय?