डोर्सेटचा किनारा पायी पाहताना

प्रश्न : जूनमध्ये मुलीकडे लंडनला जाणार आहे. वय ६३, रोज तासभर चालते. तिकडचा समुद्रकाठ पायी पाहता येईल का?

उत्तर : ताई, जरूर येईल. डोर्सेट काउंटीत जा. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून वेमथची गाडी पकडून वूलला उतरा. तिथून लुलवर्थ कोव्ह साधारण आठ किलोमीटर. हा कोव्ह, म्हणजे छोटी खाडी, नीट पाहा. समुद्राने चुनखडीची कठीण भिंत एका जागी फोडली आणि मागची मऊ माती कोरून काढली, म्हणून तो परातीसारखा गोल झाला आहे. तिथून डर्डल डोअरची दगडी कमान जेमतेम दोन किलोमीटर आहे. पण सुरुवातीलाच खडी चढण लागते आणि उतरताना गुडघ्यांवर ताण येतो. काठी आणि पकड असलेले बूट हवेतच. वारा बोचतो, विंडचीटर ठेवा.

कोव्हच्या पूर्वेची वाट लष्कराच्या गोळीबार क्षेत्रातून जाते. ती बहुतेक शनिवार-रविवारी खुली असते, तरी आधी खात्री करा.

आणि एक कळकळीची विनंती : कड्याच्या टोकाशी फोटोसाठी उभ्या राहू नका, खाली पायथ्याशी डबा उघडून बसू नका. इथल्या दरडी पूर्वसूचना न देता कोसळतात.